जर्मनीत शिकताना खाणं, फिरणं आणि मैत्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत मास्टर्ससाठी येणारी मराठी मुलंमुली आणि त्यांचे आईवडील मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रवेश, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) यांची माहिती सगळीकडे मिळते. घोडं अडतं ते रोज जेवायचं काय, फिरायचं कसं आणि रविवारी बोलायचं कुणाशी इथे. माझ्या मते हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्याचं स्वयंपाकघर लागलं त्याच्याकडे माणसं येतात, आणि माणसं जमली की सहली आपोआप ठरतात. म्हणून सुरुवात खाण्यापासून.

१. ताई, बॅगेत खायचं काय काय आणू?

कमी आणा, पण इथे न मिळणारं आणा. तूरडाळ, जिरं, हळद, हिंग, पोहे, बासमती, लोणचं हे विद्यापीठ असलेल्या बहुतेक शहरांत भारतीय किंवा आशियाई दुकानात मिळतं. सहसा मिळत नाही ते गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि घरची लसणाची चटणी. बॅगेतली जागा यांना द्या. सोबत तीन लिटरचा, इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा कुकर घ्या आणि त्याची जादा रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आठवणीने ठेवा. आपल्या कुकरची रिंग इथे शोधत बसावी लागते.

काय आणता येत नाही तेही नीट लक्षात ठेवा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, चक्का, पनीर नको. ताजी फळं आणि भाज्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी दोन्ही त्यात बसत नाहीत. कढीपत्ता हवाच असेल तर त्याची कोरडी चटणी करून आणा. दुबई किंवा अबुधाबीमार्गे येत असाल तर खसखस ठेवू नका, अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. गोड्या मसाल्यातही घालू नका. जर्मनीत खसखस सुपरमार्केटात सहज मिळते, तिचे केक तर बहुतेक बेकऱ्यांत असतात.

२. आम्ही इथून फराळाचं पार्सल पाठवलं तर पोहोचेल का?

पोहोचतं, पण प्रश्न १ मधली दूध आणि मांसाची बंदी पार्सललाही लागू आहे. तेलातली चकली, शेव, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळ्यांऐवजी कडबोळी असं पाठवा. युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीने पाठवलेली ४५ युरोपर्यंत किमतीची भेट करमुक्त असते. बाहेर आतल्या वस्तूंची यादी आणि किंमत नीट लिहा. नुसतं ‘खाऊ’ लिहिलेली पार्सलं कस्टममध्ये अडकतात आणि मग मुलाला तास बुडवून ती सोडवायला जावं लागतं. दिवाळीचं पार्सल महिनाभर आधी निघू द्या.

३. मेन्सा म्हणजे काय? रोज तिथेच जेवलं तर चालेल?

मेन्सा म्हणजे विद्यापीठाचं भोजनगृह. ते ‘श्टुडीरेंडेनवेर्क’ ही विद्यार्थी कल्याण संस्था चालवते. एकाच ताटाचे तीन दर असतात: विद्यार्थी, कर्मचारी आणि पाहुणे. विद्यार्थ्याचा दर सगळ्यात कमी, म्हणून ओळखपत्र किंवा मेन्सा कार्ड सोबत लागतं. वेळ साधारण साडेअकरा ते दोन. अडीचला गेलात तर खुर्च्या पुसताना दिसतील.

दुपारी तिथेच जेवा असं मी ठामपणे सांगते, आणि त्याचं कारण चव नाही. वर्गातली मुलं ‘मेन्साला येतोस का?’ असं विचारतात ती मैत्रीची पहिली हाक असते. डबा घेऊन एका कोपऱ्यात बसणारा मुलगा ती हाक चुकवतो. डबा न्यायचाच असेल तर मेन्सातच घेऊन जा आणि सगळ्यांसोबत बसून खा. बहुतेक ठिकाणी कुणी हरकत घेत नाही. रात्रीचं मात्र घरी शिजवावं लागतं, कारण बऱ्याच मेन्सा संध्याकाळी बंद असतात.

४. मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. उपाशी राहीन का?

नाही. पण पाटीवर ‘वेगेटारिश’ वाचून निश्चिंत होऊ नका. त्यात अंडं आणि चीज दोन्ही बसतं. अंडं चालत नसेल तर ‘वेगान’ लिहिलेलं घ्या, ते तुमच्यासाठी सगळ्यात सोपं. मेन्साच्या फलकावर डुक्कर, गाय, कोंबडी, मासे यांची वेगवेगळी चिन्हं असतात. पहिल्याच दिवशी त्यांचा फोटो काढून ठेवा.

फसवणारे पदार्थ थोडे आहेत, पण ते माहीत हवेत. मसुराच्या सूपमध्ये बऱ्याचदा सॉसेज असतं. माउलटाशेन दिसतात करंजीच्या कुळातल्या, पण पारंपरिक सारण मांसाचं असतं. फ्लामकूखनवर, म्हणजे पातळ पिझ्झासारख्या पदार्थावर, डुकराच्या मांसाचे तुकडे पेरलेले असतात. दक्षिणेत काही बेकऱ्या ब्रेत्सेलच्या, म्हणजे वेटोळ्याच्या खाऱ्या पावाच्या, कणकेत डुकराची चरबी घालतात, तिथे विचारून घ्या. चिवट रंगीत गोळ्यांत जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं. पार्मेझानसारख्या चीजमध्ये दूध घट्ट जमवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. उलट बटाट्याची थापलेली धिरडी सफरचंदाच्या गरासोबत देतात, ती खुशाल विचारून घ्या, मात्र त्यात अंडं घालण्याची पद्धत आहे. आणि रात्री अकरा वाजता भूक लागली तर तुर्की दुकानातला फलाफल आहेच.

५. पोळ्यांची कणीक, तूप, दही, चक्का… इथल्या सुपरमार्केटात काय घेऊ?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो.

कणीक: जर्मन पिठाच्या पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पिठात किती मिलिग्रॅम खनिजं उरतात ते हा आकडा सांगतो. आकडा लहान तितका मैद्याच्या जवळ. पोळ्यांसाठी १०५० घ्या आणि त्यात थोडं ‘फोलकोर्न’ म्हणजे सबंध गव्हाचं पीठ मिसळा. कोमट पाण्याने सैलसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवलं की पोळी चांगली फुगते. ज्वारी-बाजरीसाठी भारतीय दुकानच गाठावं लागतं.

तूप: ‘बुटरश्माल्त्स’ नावाचा डबा मिळतो. फोडणीला उत्तम, वासाला फिका. वरणभातावर घ्यायचं असेल तर आंबवलेल्या सायीचं, बिनमिठाचं लोणी आणून घरीच कढवा. त्या लोण्याला ‘झाउअरराम’ म्हणतात. साध्या गोड सायीच्या लोण्यापेक्षा त्याचं तूप आपल्या साजूक तुपाच्या कितीतरी जवळ जातं.

डाळी: लाल मसूर आणि काबुली चणे कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात. हिरवी मिरची आणि कोथिंबिरीची खरी जुडी तुर्की किंवा आशियाई दुकानात. सुपरमार्केटातली कुंडीतली चार काड्यांची कोथिंबीर घेऊ नका, पैसे वाया जातात.

आणि चक्का. इथे ‘क्वार्क’ मिळतं, अर्धा किलोचा डबा, आणि त्याचं श्रीखंड इतकं सुरेख होतं की गुढीपाडव्याला आमच्या मजल्यावरची सगळी मुलं वाटी घेऊन उभी असायची. बिनसायीचं ‘मागरक्वार्क’ नको, ते खरखरीत लागतं. डब्यावर ४० टक्के फॅट लिहिलेलं घ्या. धुतलेल्या पातळ कापडात बांधून गाळणीवर ठेवा, खाली भांडं, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी भांड्यात बोटभर पाणी जमलेलं असतं आणि कापडात घट्ट, चकचकीत गोळा. पिठीसाखर थोडी थोडी घाला, कारण क्वार्क आपल्या चक्क्यापेक्षा कमी आंबट असतं आणि गोड पटकन जास्त होतं. केशर कोमट दुधात, वेलदोडा, जायफळाचं किंचित बोट. झालं.

६. फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो. काय करू?

जर्मनीतल्या सगळ्या राज्यांत घरांमध्ये स्मोक अलार्म सक्तीचा आहे. काही वसतिगृहांत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि विनाकारण गाडी आली तर खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. त्यामुळे यंत्रावर पिशवी बांधणं, बॅटरी काढणं हे प्रकार अजिबात नकोत.

फोडणी करण्याआधी खिडकी पूर्ण उघडा, नुसती तिरकी नको. वरचा एक्झॉस्ट आधी चालू करा. तेल धुरावू देऊ नका. इथल्या काचेच्या शेगड्या आच कमी केल्यावरही बराच वेळ तापलेल्या राहतात, म्हणून मोहरी तडतडायला लागली की पातेलं बाजूला सरकवा आणि मग मिरची टाका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धूर झाला तर स्वयंपाकघराचं दार कॉरिडॉरकडे उघडू नका. आतला अलार्म वाजायचा तो वाजतो, पण कॉरिडॉरमधला वाजला की अख्खी इमारत थंडीत खाली उभी राहते.

कुकरच्या शिट्ट्यांबद्दलही इथेच सांगते. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ, आणि रविवार दिवसभर. शिट्टीचा आवाज शेजाऱ्यांना अनोळखी असल्यामुळे दचकवतो. राजमा-छोले रविवारी करायचे असतील तर शनिवारी शिजवून ठेवा. सोबत राहणाऱ्यांना कुकर एकदा दाखवा, शिट्टी का होते ते सांगा. भीती गेली की तक्रारही जाते.

७. रविवारी खरंच सगळी दुकानं बंद असतात?

हो, सुपरमार्केटही. सार्वजनिक सुट्टीलाही, आणि या सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या. अपवाद म्हणजे मोठ्या रेल्वे स्थानकांवरची दुकानं, पेट्रोलपंप आणि सकाळी काही तास बेकऱ्या. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी भरून ठेवायची सवय लावा. ईस्टरला जास्त सांभाळा: शुक्रवार बंद, शनिवार चालू, रविवार-सोमवार पुन्हा बंद.

८. पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट जादा का लावले?

ती अनामत आहे, तिला ‘फांड’ म्हणतात. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅन यांवर २५ सेंट, पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांवर सहसा ८ किंवा १५. सुपरमार्केटातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की पावती येते आणि ती बिलातून वजा होते. बाटली चेपू नका, यंत्राला कोड वाचता आला पाहिजे. बाहेर असताना बाटली नकोशी झाली तर कचऱ्याच्या डब्यात न टाकता शेजारी उभी ठेवा. त्या गोळा करून उदरनिर्वाह करणारी माणसं आहेत, त्यांना डब्यात हात घालावा लागू नये. पिण्यासाठी मात्र नळाचं पाणी उत्तम आहे, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही.

९. फ्लॅटमेटला मसाल्यांचा वास सहन होत नाही. मी स्वयंपाक बंद करू का?

बंद करू नका. वास सहसा स्वयंपाकाचा नसतो, शिळ्या हवेचा असतो. जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा, जानेवारीतसुद्धा. जर्मन माणूस हे रोज करतो, भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून. जॅकेट स्वयंपाकघरात टांगू नका. भांडी त्याच रात्री घासा आणि साफसफाईचं वेळापत्रक लावलं असेल तर आपला आठवडा चुकवू नका. इथल्या एकत्र घरात, ज्याला ‘वेगे’ म्हणतात, निम्मी भांडणं मसाल्याची नसून सिंकमधल्या पातेल्याची असतात.

मग एका संध्याकाळी त्याला आपल्यासोबत जेवायला बसवा. तिखट कमी करून मुगाची खिचडी आणि पापड. तक्रार करणारा माणूस एकदा ताटावर बसला की पुढच्या वेळी विचारतो, आज काय आहे.

१०. जर्मन मुलं मैत्री करतात का? वर्गात बोलतात आणि बाहेर ओळखसुद्धा दाखवत नाहीत.

करतात, पण त्यांची मैत्री ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या कामाभोवती वाढते. बसस्टॉपवर गप्पा मारून मित्र होतो ही आपली पद्धत, ती इथे चालत नाही. इथे दर मंगळवारी सात वाजता बॅडमिंटनला एकत्र येणारे सहा जण मित्र होतात. म्हणून नुसतं भेटत राहण्यापेक्षा दर आठवड्याला होणारं काहीतरी धरा. विद्यापीठाचे खेळवर्ग ‘होखशूलश्पोर्ट’ या नावाने असतात, स्वस्त असतात आणि लोकप्रिय वर्गांच्या जागा नोंदणी उघडताच भरतात. गायनवृंद, पर्वतारोहण गट, बोर्डगेम संध्याकाळ काहीही चालेल. भाषेची अदलाबदल करणारी ‘टँडम’ जोडी शोधा: तो तुम्हाला जर्मन शिकवतो, तुम्ही त्याला इंग्रजी किंवा हिंदी. पहिल्या आठवड्यातले नवागतांचे कार्यक्रम चुकवू नका. त्या आठवड्यात सगळेच एकटे असतात, नंतर गट पक्के होतात.

भाषेबद्दल स्पष्ट सांगते. तुमचा कोर्स इंग्रजीत असला तरी चार जर्मन मुलांच्या टेबलावर तुमच्या एकट्यासाठी संध्याकाळभर इंग्रजी चालत नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवनला जर्मनच्या ए-२ पातळीपर्यंत करून आलेली मुलं पहिल्या सेमिस्टरलाच वेगळी दिसतात. मोडकंतोडकं बोला, थांबू नका.

आणि धीर धरा. पहिले काही महिने ओळखी ओळखीच राहतात. पण मग एखाद्या शनिवारी कुणीतरी घर बदलताना कपाट उचलायला बोलवतं. जा. इथे ज्याला कपाट उचलायला बोलावतात तो आपला माणूस.

११. मी फक्त भारतीय मुलांतच राहतोय. चुकतंय का?

चुकत काहीच नाही. ताप आल्यावर पेज करून आणणारा बहुतेकदा आपल्यातलाच असतो, आणि मराठीत भांडता येणं ही मोठी सोय आहे. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती आणि दिवाळी होते. तिथे जा, कामालाही हात लावा.

पण राहायलाही तेच, अभ्यासालाही तेच, सहलीलाही तेच असं झालं तर वर्षाने जर्मन येत नाही, नोकरीच्या मुलाखतीत ते जाणवतं, आणि गटात बिनसलं तर जायला दुसरी जागा उरत नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ तरी बाहेरच्यांसाठी ठेवा (मार्ग प्रश्न १० मध्ये).

१२. मी दारू पीत नाही. पार्टीत एकटी पडेन?

नाही पडणार. सफरचंदाचा रस आणि सोडा, कोला-ऑरेंज किंवा बिनदारूची बिअर मागा, कुणी वळूनही बघत नाही. दारू विकणाऱ्या प्रत्येक उपाहारगृहात किमान एक बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग असता कामा नये असा जर्मन कायदाच आहे. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ग्लासात काय आहे याला महत्त्व नाही. ‘नको’ एकदाच आणि सरळ सांगा, कारणं देत बसू नका.

१३. मित्राने जेवायला नेलं आणि बिल वेगवेगळं भरायला लावलं. मला वाईट वाटलं.

त्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं. इथे वेटर स्वतःच विचारतो, एकत्र की वेगळं, आणि वेगळं हेच रोजचं उत्तर. ‘चल, जेवायला जाऊ’ म्हणजे सोबत देणं, खर्च करणं नव्हे. पाच-सात युरोही मित्र एकमेकांना त्याच दिवशी परत पाठवतात, त्यातून संबंध तुटत नाहीत, निवांत राहतात. बक्षिशी पाच ते दहा टक्के, पैसे देतानाच एकूण आकडा सांगायचा.

घरी बोलावलं तर गोष्ट वेगळी. सात म्हणजे सात. आधी विचारा, काय आणू. वाढदिवसाचे दोन नियम पाळा: आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, ते अशुभ मानतात, आणि केक ज्याचा वाढदिवस त्याने आणायचा. आपल्या वाढदिवसाला लॅबमध्ये कुणी काही आणलं नाही म्हणून रडलेल्या मुलींचे निरोप मला आले आहेत. लॅबमधले सगळे त्यांच्याच केकची वाट बघत होते.

१४. सेमिस्टर तिकीट आणि डॉइचलांड-टिकेट यांत फरक काय?

डॉइचलांड-टिकेट म्हणजे देशभरच्या प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम आणि बस यांचा मासिक पास. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोंना सुरू झाला, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३. सेमिस्टर तिकीट म्हणजे सेमिस्टर शुल्कातून मिळणारा विद्यार्थ्यांचा पास. अनेक विद्यापीठांत त्या शुल्कातून डॉइचलांड-टिकेटच ६० टक्के किमतीत मिळतं, मात्र ते सगळ्यांनाच घ्यावं लागतं. तुमच्या विद्यापीठाने तो करार केला आहे की फक्त स्थानिक पास आहे, ते शुल्क भरतानाच बघा.

हा पास आयसीई, आयसी अशा जलद गाड्यांत चालत नाही. काही मोजक्या मार्गांवर आयसीला सूट आहे, ती रेल्वेच्या ॲपमध्ये दिसते. पास तुमच्या नावाचा असतो, मित्राला देता येत नाही, आणि सोबत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. विनातिकीट सापडलात तर ६० युरो. पास आहे पण फोन बंद पडला, तर नंतर दाखवून दंड बराच कमी होतो, म्हणून तपासनीसाची पावती टाकून देऊ नका. स्वतः पास घेतला असेल तर बंद करण्याची सूचना त्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत द्यावी लागते.

लांब पल्ल्याला आयसीई हवी असेल तर तिकीट काही आठवडे आधी काढा. २७ वर्षांखालच्यांना स्वस्त बानकार्ड, म्हणजे रेल्वेचं सवलत कार्ड, मिळतं, पण ते आपोआप पुढच्या वर्षासाठी नवं होतं. मुदतीआधी रद्द करायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

१५. गाडी उशिरा आली, पैसे परत मिळतात का?

मुक्कामी पोहोचायला ६० मिनिटं उशीर झाला तर एकेरी तिकिटाचे २५ टक्के, १२० मिनिटं झाला तर ५० टक्के. २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीटही दुसऱ्या गाडीला चालतं. अर्ज ॲपवरून तीन महिन्यांच्या आत करा.

मुलं इथे एक गल्लत करतात. डॉइचलांड-टिकेटवर असताना प्रादेशिक गाडी रखडली म्हणून फुकट आयसीईत चढता येत नाही, तो पास या सवलतीतून वगळलेला आहे. उशिराची भरपाईही एका वेळी दीड युरो, आणि एकूण चार युरो झाल्याशिवाय मिळत नाही. विमान गाठायचं असेल तर दोन गाड्या आधीची धरा.

१६. कमी पैशात पहिली सहल कुठे करू?

किल्ल्यांवर चढलेल्या मुलांना मी आधी ड्रेस्डेनजवळच्या सॅक्सन स्वित्झर्लंडला पाठवते (नावात स्वित्झर्लंड असलं तरी हा जर्मनीतलाच डोंगराळ भाग). ड्रेस्डेनहून एस-१ लोकल पकडा, पास चालतो. कुरोर्ट राटेनला उतरा. समोर एल्बे नदी. पलीकडे जायला वरच्या बाजूला तारेला बांधलेली नाव आहे, ती इंजिनाशिवाय नुसत्या प्रवाहाच्या जोरावर तिरकी सरकत दुसऱ्या काठाला लागते. मग पायऱ्या आणि जंगलातून चढ, आणि वर बास्टाय: नदीपासून १९४ मीटर उंचीवर वालुकाश्माचे सुळके, त्यांना जोडणारा १८५१ चा दगडी पूल. सकाळी लवकर जा, अकरानंतर गर्दी होते. बटाट्याची भाजी आणि पोळ्या बांधून न्या, वर खाणं महाग.

दक्षिणेत असाल तर म्युनिकहून साल्झबुर्ग. ते ऑस्ट्रियात असलं तरी स्थानकापर्यंत डॉइचलांड-टिकेट चालतं. पासपोर्ट मात्र घ्या, कारण प्रश्न १९ मध्ये आहे. मुक्कामाला युवा वसतिगृहं बघा. जगातलं पहिलं युवा वसतिगृह आल्टेनाच्या किल्ल्यात सुरू झालं, आणि तिथे आजही राहता येतं.

१७. सहलीला गेलो आणि जिवलग मित्राशी भांडण झालं. पुढच्या वेळी काय करू?

निघण्याआधी दोन गोष्टी मोकळेपणाने बोला: दिवसाला किती खर्च करायचा आणि सकाळी किती वाजता उठायचं. बहुतेक भांडणं या दोनच गोष्टींवरून होतात. ज्याच्या घरून पैसे जेमतेम येतात तो गटात ‘मला परवडत नाही’ म्हणत नाही, चिडचिड करतो. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो मिळतात, त्यात भाडं, विमा, जेवण सगळं. म्हणून सगळ्यात कमी ज्याला परवडतं त्याच्या हिशेबाने सहल आखा. आणि दुपारी दोन तास वेगवेगळं फिरा, संध्याकाळी भेटल्यावर बोलायला काहीतरी असतं.

१८. आईबाबा पंधरा दिवसांसाठी येणार आहेत. त्यांना कसं फिरवू?

राज्याचं एक दिवसाचं तिकीट घ्या, ‘लेंडर-टिकेट’. पाच जणांपर्यंत एका तिकिटावर, प्रादेशिक गाड्यांत दिवसभर. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं. त्यांच्यासाठी दिवसाला एकच ठिकाण ठेवा, आणि जेवण घरचं. तुमच्या मित्रांना एकदा घरी बोलवा आणि आईला तिच्या हातचं करू द्या. तुम्ही कुणासोबत राहता ते त्यांना बघायचं असतं, राजवाडा नंतर.

१९. जर्मनीच्या परवान्यावर पॅरिस, प्राग, झुरिकला जाता येतं?

येतं. वैध निवास परवाना आणि पासपोर्ट असेल तर इतर शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे. क्रोएशिया २०२३ पासून, रोमानिया आणि बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. ब्रिटन आणि आयर्लंडला वेगळा व्हिसा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे बसमध्ये मध्यरात्रीही कागद मागतात. फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही.

अवघड प्रकार: परवान्याची मुदत संपली, नवीन कार्ड आलं नाही आणि हातात ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ हा तात्पुरता कागद आहे. त्यावर निवास कायद्याच्या कलम ८१ मधल्या चौथ्या उपकलमापुढे खूण केलेली असेल तर जर्मनीत परत येता येतं, तिसऱ्यापुढे असेल तर नाही. विमान बदलताना दुसऱ्या देशात तो कागद ओळखतीलच असं नाही. हा कागद असताना थेट विमानानेच भारतात जा, आणि हौसेची सहल कार्ड येईपर्यंत पुढे ढकला.

२०. डिसेंबरमध्ये सगळे घरी गेले. वसतिगृहात मी एकटा आहे. काय करू?

हा वर्षातला सगळ्यात कठीण काळ. चारच्या सुमाराला अंधार, मेन्सा बंद, २४ तारखेला दुपारी दुकानं बंद, २५ आणि २६ सुट्टी. २३ तारखेलाच फ्रीज भरा. मग मजल्यावर फिरून बघा कुठल्या दारांखालून उजेड येतो. इराणी, कोलंबियन, व्हिएतनामी, इंडोनेशियन कुणी ना कुणी असतंच, आणि तेही तुमच्यासारखेच भिंतीकडे बघत असतात. दार वाजवा, ‘संध्याकाळी सात वाजता खाली स्वयंपाकघरात, ज्याला जे येतं ते करूया’ एवढं म्हणा. माझ्या सगळ्यात घट्ट मैत्री अशाच एका स्वयंपाकघरात झाल्या, आणि त्यातला एकही मुलगा माझ्या वर्गातला नव्हता. जर्मन मित्राने नाताळाला घरी बोलावलं तर संकोच करू नका. तो दिवस ते कुटुंबासाठी राखून ठेवतात, त्यामुळे बोलावणं मनापासूनचं असतं.

उदासी आठवडा-दोन आठवड्यांत हटली नाही, झोप किंवा भूक गेली, तर श्टुडीरेंडेनवेर्कचं समुपदेशन घ्या, बऱ्याच ठिकाणी ते मोफत असतं. रात्री-अपरात्री ‘टेलिफोनझीलझोर्गे’ची विनामूल्य सेवा ०८०० १११ ० १११ वर चोवीस तास असते, प्रामुख्याने जर्मनमधून. फोन करणं कमीपणाचं नाही.

२१. मुलगी फोनवर ‘जेवले’ म्हणते, पण खरं वाटत नाही. काय विचारू?

काकू, ‘जेवलीस का?’ ऐवजी ‘कुणाबरोबर जेवलीस?’ विचारा. एकटीने भांड्यातूनच खाल्लेला भात आणि चार जणांत बसून खाल्लेला भात यातला फरक तिच्या आवाजात लगेच कळतो. ‘कुणी नाही’ हेच उत्तर रोज येऊ लागलं तर प्रश्न २० तिला वाचायला द्या. वेळेचंही बघा: हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. तुमच्या रात्री दहाला तिच्याकडे संध्याकाळ असते, आणि तीच तिची बाहेर पडायची, माणसांत मिसळायची वेळ. रविवारी सकाळी निवांत बोला.

२२. सुट्टीत घरी येतोय, लग्नसराई आहे, जरा जास्त राहिलो तर?

सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलात तर निवास परवाना आपोआप रद्द होतो, कार्डावर मुदत शिल्लक असली तरी. आजारपण, इंटर्नशिप अशा खऱ्या कारणासाठी जास्त राहावं लागणार असेल तर निघण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी मंजुरी घ्या. खोली कुणाला तात्पुरती देणार असाल तर घरमालकाची परवानगीही लेखी. आणि परत येताना सामानाचा नियम तोच, प्रश्न १ मधला: आजीने कितीही आग्रह केला तरी तुपाची बरणी घरीच ठेवा.